आठल्ये मॅडमचा खडा

“काढून टाका,” आठल्ये मॅडम म्हणाल्या.

माझा आलेख त्यांच्या टेबलावर पडला होता आणि त्या चष्मा कपाळावर चढवून खिडकीबाहेर टेकडीकडे बघत होत्या. मी नुकतंच, जिन्यात घोकत आणलेलं वाक्य म्हणून टाकलं होतं, “मॅडम, खडा सापडला.” हे वाक्य ऐकलं की मॅडम ड्रॉवर उघडायच्या, आतली श्रीखंडाची गोळी काढून विद्यार्थ्यासमोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “सुटलात.” त्या एका गोळीसाठी मी कित्येक महिने शनीच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावत होते. आज ड्रॉवरला हातसुद्धा लागला नाही.

“काढून टाकू?” मी परत विचारलं.

“खडा आहे म्हणताय ना? मग तो काढा आणि उरलेलं घेऊन या. आणि चौगुले, हा आलेख इथेच राहू दे.”

मी बाहेर आले. मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच, त्यांच्या दाराबाहेर.

खडा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमची संस्था पुण्यात, एका टेकडीच्या पायथ्याशी. मी तिथे पीएच.डी. करत होते, आणि माझा विषय होता शनी ग्रहावरचे वारे. वर ढगांत जे दिसतात ते नव्हेत, त्यांच्या खालचे. शनीवर जमीन नाहीच, नुसता वायू. वरच्या ढगांत ताशी हजाराहून अधिक किलोमीटर वेगाचे वारे वाहतात, हे दुर्बिणीतून दिसतं. पण ते वारे खाली किती खोल जातात? साय जेवढी दुधावर असते तेवढेच, की पार पातेल्याच्या तळाकडे? डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून दुसरी युक्ती करायची. एक यान त्या वर्षी शनीच्या अगदी जवळून, कडी आणि ग्रह यांच्या मधल्या फटीतून फेऱ्या मारत होतं. वारा खोल असेल तर केवढं तरी वस्तुमान त्याच्याबरोबर हलतं, त्यामुळे शनीची ओढ जागोजाग किंचित बदलते, यान केसभर पुढेमागे होतं, आणि त्याच्याकडून येणाऱ्या रेडिओचा सूर केसभर चढतो किंवा उतरतो. तेवढा केसभर फरक पकडायचा आणि त्यावरून वाऱ्याची खोली काढायची. बस, एवढंच माझं काम. आई फोनवर म्हणायची, “अगं लोकं शनी टळावा म्हणून तेल वाहतात, आणि तू आपणहून त्याच्या मागं लागलीयास. इचलकरंजीत सांगायची सोय राहिली नाही मला.”

यानाचे आकडे परदेशातल्या एका केंद्रात यायचे. जगासाठी ते खुले व्हायला अजून वर्ष होतं. तोवर ते मोजक्या सदस्यांना मिळायचे आणि आमच्याकडे सदस्य एकच, डॉ. कुमुद आठल्ये. म्हणजे माझ्या हातात येणारा प्रत्येक आकडा मॅडमच्या हातून यायचा. आणि येताना मॅडम त्यात एक खोटा धक्का मिसळून द्यायच्या. खरा वाटावा असा, पण बनावट. त्यालाच आम्ही खडा म्हणायचो. “तांदूळ निवडायला शिकायचं तर ताटात खडा पाहिजे,” असं त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या. विद्यार्थ्याने तो शोधायचा, येऊन सांगायचा, गोळी खायची आणि मग खऱ्या कामाला लागायचं.

त्याचे नियम पक्के होते. प्रत्येकाला एकच खडा. कुठल्याही दोघांना सारखा खडा नाही. सेमिनार होईपर्यंत विद्यार्थ्यांनी आपसात आकड्यांबद्दल बोलायचं नाही. आणि मॅडम खडा कुठेही लिहून ठेवायच्या नाहीत, आकडे दिले की मूळ प्रत स्वतःच्या संगणकावरून पुसून टाकायच्या. “लिहिलं की फुटतं,” म्हणायच्या. खडा राहायचा फक्त त्यांच्या डोक्यात, आणि ते डोकं असं होतं की अख्ख्या संस्थेत कुणाला त्याबद्दल शंका नव्हती.

आमच्या आधीच्या बॅचचा पाटणकर नावाचा मुलगा खडा न ओळखता तो भर सेमिनारमध्ये शोध म्हणून मांडून बसला होता. मॅडम मागच्या रांगेतून उठून शांतपणे म्हणाल्या होत्या, “तो माझा आहे.” पाटणकरने पुढच्या महिन्यात संस्था सोडली. तेव्हापासून आमची अवस्था अशी की काहीही नवं दिसलं की आधी घाम फुटायचा.

तर मला जे दिसलं होतं ते असं होतं. सगळ्या जगाचा अंदाज होता की शनीचा वारा काही शे किलोमीटर खोल असेल, फार फार तर हजार. माझं गणित सांगत होतं, नऊ हजार. मी ते पाहिलं आणि हसले. म्हटलं, मॅडम, यंदा खडा जरा मोठाच टाकलात. म्हणून तर नाचत सांगायला गेले. आणि गोळी नाही, सुटलात नाही, नुसतं काढून टाका, आणि आलेख इथेच राहू दे.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

कॅन्टीनमध्ये हेमंत गायधनी बसला होता. नाशिकचा, माझ्याच बॅचचा, तोही शनीवरच. यानाच्या काही फेऱ्या माझ्याकडे होत्या, काही त्याच्याकडे. एरवी तो इतका बोलायचा की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. आज स्वतःचाच गार करत बसला होता.

“काय रे, कुणी मारलं?” मी विचारलं.

“तू खडा सांगितलास का मॅडमना?”

“नियम आहे बोलायचं नाही म्हणून.”

“नियम गेला खड्ड्यात. मी परवा सांगितला. मला गोळी मिळाली नाही.”

मी खुर्ची ओढून बसले. “काय म्हणाल्या?”

“काढून टाका म्हणाल्या. आणि आलेख ठेवून घेतला.”

मी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग मी म्हटलं, “गायधनी, किती खोल आला तुझा खडा? थांब, असा नको सांगू. नंतर म्हणशील माझं ऐकून सांगितलंस. दोघांनी एकदम बोलायचं. एक, दोन, तीन.”

“नऊ हजार,” दोघंही बोललो.

त्याच्या फेऱ्या वेगळ्या, माझ्या वेगळ्या, त्याची गणिताची रीत वेगळी. आणि दोघांना सारखा खडा मॅडम कधीच देत नाहीत. याचा अर्थ एकच होत होता. तो खडा नव्हताच. शनीचा वारा खरोखर नऊ हजार किलोमीटर खोल होता आणि ते जगात पहिल्यांदा आम्हाला दोघांना, त्या तेलकट टेबलाशी बसून कळलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच्यापाठोपाठ राग आला.

“मग काढून टाका का म्हणाल्या?” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“म्हणजे काय, म्हणजे? आपण काढून टाकायचं, आपले आलेख त्यांच्या टेबलावर. पुढच्या महिन्यात त्या परदेशात बैठकीला चालल्यात. भाषणाचा विषय कुणाला सांगितलाय त्यांनी? मला नाही. तुला?”

“नाही. पण बाई तशा नाहीत गं.”

“लोकं तशी नसतातच, असेपर्यंत. निवृत्ती उलटून वर्ष झालंय त्यांना, मुदतवाढीवर आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांचे खडे काढले, स्वतःच्या नावावर मोठं काही नाही. आता आयतं ताट समोर आलंय. आपल्या तोंडाला पानं पुसून शोध घशात घालायला किती वेळ लागतो?”

हेमंतने कानांवर हात ठेवले. पण ऐकत होता.

माझं काय पणाला लागलं होतं ते स्पष्ट सांगते, उगाच साळसूदपणा नको. तो वारा माझा होता. चार वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं. लग्नाची दोन स्थळं परत पाठवली होती, आजीच्या शेवटच्या आजारपणात घरी गेले नव्हते. असा शोध आयुष्यात एकदा हाताला लागतो, तोही लागला तर. तो कुणी अलगद उचलून नेणार असेल, मग ती माझी गुरू का असेना, मी तिच्या पाया पडून वाट मोकळी करून देणाऱ्यांतली नव्हते.

मी मॅडमवर पाळत ठेवली. शब्द वाईट आहे, पण दुसरा नाही. त्यांच्या खोलीचं दार पूर्वी सताड उघडं असायचं, आता आतून लावलेलं असायचं. मी टकटक केली की आधी कागद सरकवल्याचे आवाज यायचे आणि मग “या” यायचं. एकदा आत गेले तर माझा आलेख टेबलावर, त्याच्या शेजारी हेमंतचा आणि दोन्हींच्या कडांना मॅडमच्या बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. मला बघून त्यांनी वर वर्तमानपत्र पसरलं. दुसऱ्यांदा त्यांनी हेमंतला बोलावून विचारलं, “चौगुलेंचं नक्की काय चाललंय हल्ली?” हेमंतने येऊन सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, “बघ, फोडा आणि झोडा.”

आणि मग त्या माझा तोच आलेख परत मागू लागल्या.

“चौगुले, तो परवाचा आलेख द्याल का परत? जरा खराब झाला माझ्याकडचा.”

दिला. चार दिवसांनी पुन्हा. “तो वाऱ्याचा आलेख तुम्ही दाखवणार होतात ना?”

“दिलाय मॅडम.”

“हो, हो. आणखी एक प्रत द्या.”

माझी खात्री पटली. मी आलेखात काही सुधारणा केल्यात का ते बघायला मागतायत. म्हणजे भाषणात ताज्यातला ताजा आकडा मांडता येईल. मी हेमंतला म्हटलं, “आता गंमत बघ. त्यांचंच औषध त्यांना.”

“काय करणार आहेस?”

“खडा टाकणार आहे.”

मी बसून एक नवा आलेख केला. दिसायला अगदी तसाच, तेच रंग, तीच रेघ, पण त्यात वाऱ्याची खोली नऊ हजार नाही, सहा हजार. हा आकडा उद्या परदेशातल्या भाषणात निघाला की चोर मुद्देमालासकट सापडला. मी माझं असलं डोकं बघून स्वतःवरच खूश झाले. हेमंत मात्र अस्वस्थ होता. “अगं, मॅडमच्या लगेच लक्षात येईल. त्या शंभरातला एक आकडा हललेला ओळखतात.”

“आलं लक्षात तर विचारतील. विचारलं की मी विचारेन, तुम्हाला कशाला हवाय माझा आलेख?”

दुपारी जेवणानंतर मी तो घेऊन गेले. मॅडमनी चष्मा खाली घेतला, आलेख हातात धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्यावरची रेषन्‌रेष बघत होते. आता पकडतील, आता भुवई वर जाईल.

“हं,” त्या म्हणाल्या. “हाच. हाच हवा होता मला.”

“मागच्यासारखाच आहे ना मॅडम?”

“अगदी तसाच.”

“खोली पण तीच?”

त्यांनी पुन्हा बघितलं. बोट त्या सहा हजारावर टेकवलं. “तीच की.”

मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. पण हे काही वेगळंच होतं. चोर असता तर त्याने आकडा बदललेला ओळखला असता. चोराला आपण काय उचलतोय ते नीट माहीत असतं. आठल्ये मॅडम, ज्या भर सेमिनारमध्ये मागच्या रांगेतून दशांश चिन्हानंतरची चूक काढायच्या, त्यांना नऊचे सहा झालेले दिसत नव्हते. कारण आधी नऊ होते हे त्यांच्याकडे राहिलंच नव्हतं.

“मॅडम,” मी म्हटलं, “आधीच्या आलेखात नऊ हजार होते. हे सहा मी मुद्दाम घातलेत.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावतील असं वाटलं. रागावल्या नाहीत. फक्त चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“दार लावून घ्या, चौगुले.”

मी दार लावलं.

“मुद्दाम कशाला घातलेत?”

“तुम्ही माझा शोध स्वतःच्या नावावर करताय असं वाटलं मला.”

“अच्छा,” त्या म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्यांना ते ऐकून जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. “ते बरं झालं असतं. निदान काय करतेय ते मला ठाऊक असतं.” मग दोन्ही हात टेबलावर ठेवून, एकेक शब्द जपून उच्चारल्यासारखा त्या बोलल्या. “तुमच्या आकड्यांत मी काय मिसळलं ते मला आठवत नाही. गायधनींच्याही नाही. मिसळलं की नाही, तेही आठवत नाही. उन्हाळ्यापासून असं होतंय. डॉक्टरांनी नाव सांगितलंय त्याचं, तेवढं बरोबर आठवतं.”

मी टेबलाजवळ आले.

“तुम्ही खडा सापडला म्हणून आलात,” त्या पुढे म्हणाल्या, “तेव्हा मी मनात शोधत होते, हा माझा का? सापडला नाही. म्हणून म्हटलं, काढून टाका. काढून टाकलं की खोटं काही छापलं तरी जाणार नाही.”

“आणि खरं असलं तर?”

“तर गेलं.”

आता माझं डोकं फिरलं. आजारी माणसावर रागावू नये हे कळत होतं, तरी रागावले. “गेलं? चार वर्षं मॅडम! तुम्ही नुसतं सांगायचं होतं की आठवत नाही म्हणून. आम्ही दुसरा काहीतरी मार्ग काढला असता. आणि तो खडा नाहीये, मला माहितीये नाहीये. हेमंतलाही नऊच आलेत. दोघांना सारखा खडा तुम्ही कधी देत नाही.”

“तुम्ही दोघं बोललात एकमेकांशी?”

“हो. नियम मोडला.”

“मोडलात ते चांगलं केलंत, पण उपयोग नाही.” त्यांचा आवाज एकदम जुना झाला, वर्गातला. “दोघांना सारखा देत नव्हते ती बाई वेगळी होती. विसरणारी बाई एकच गोष्ट दोनदा करते. काल मी भाजीत दोनदा मीठ घातलं. तुम्हाला दिलेला खडा विसरून तोच गायधनींना दिला नसेन कशावरून?”

मी खुर्चीत बसले. खरंच, कशावरून? माझा सगळा पुरावा त्यांच्या स्मरणशक्तीवर उभा होता, आणि ती समोर बसून सांगत होती की मी नाहीये. नऊ हजार किलोमीटरचा वारा खरा की मॅडमच्या विसराळू हातचा, हे आता जगात कुणालाच सांगता येत नव्हतं.

कुणालाच म्हणजे, एक जागा होती. मूळ आकडे परदेशातल्या केंद्रात होतेच.

“मॅडम, ते परत मागवा.”

“तेच तर करता येत नाही. एकदा दिलेले आकडे परत कशाला, विचारतील. काय सांगू? की मी यानाच्या आकड्यांत भेसळ करते आणि काय मिसळलं ते विसरते? त्याच दिवशी सदस्यत्व जाईल. माझं काय, जाऊ दे. पण लोक म्हणतील, या बाईच्या हाताखालून गेलेल्या आधीच्या कामांवर तरी का विश्वास ठेवायचा? वर्षभर थांबा. आकडे खुले होतील.”

“वर्षभरात तिकडची मंडळी शोध लावून मोकळी होतील. त्यांच्याकडेही तेच आकडे आहेत.”

“होतील,” मॅडम म्हणाल्या.

खाली बागेत कुणीतरी पाइपने झाडांना पाणी घालत होतं. मला त्यांची कीव येत होती आणि मी हटायला तयार नव्हते, दोन्ही एकाच वेळी.

“वारा माझा आहे, मॅडम,” मी शेवटी म्हटलं. “माझा आणि हेमंतचा. खोटा असला तर खोटा म्हणून कळू दे. पण मी तो काढून टाकणार नाही.”

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग संगणक माझ्याकडे वळवला.

“तुम्हीच लिहा. माझ्या वाक्याचा शेवट येईस्तोवर सुरुवात निसटते हल्ली. लिहा, मी माझ्या विद्यार्थ्यांना आकडे देताना त्यांत जाणूनबुजून बनावट भर घालत आले आहे.”

मी लिहिलं. त्या सांगत गेल्या, सरळ, कुठेही स्वतःला सांभाळून न घेता. आजाराचं नावही लिहायला लावलं. शेवटी म्हणाल्या, “पाठवा.” माझा हात थबकला, तेव्हा त्यांनी माझ्या हातावरून हात नेऊन स्वतःच कळ दाबली.

उत्तर आठवड्याभरात आलं. आकड्यांबरोबर एक फार सभ्य मेलही होतं, त्यात मॅडमच्या दीर्घ सेवेबद्दल आभार होते आणि सदस्यत्व संपल्याचं कळवलं होतं, आम्ही दोघांनी काम पुरं करायला मात्र त्यांची हरकत नव्हती. मी आणि हेमंतने मूळ आकडे आमच्या आकड्यांशेजारी लावले. मी वाचत होते, तो बघत होता, आणि मग संगणकाकडून सगळे ताडून घेतले. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही, एका कणाचाही फरक नव्हता. माझ्यात नाही, त्याच्यात नाही. मॅडमनी त्या वर्षी कुणालाच खडा टाकला नव्हता. टाकायचा विसरल्या होत्या.

वारा खरा होता.

हेमंत रडला. मी नाही रडले, मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि आम्ही पळतच मॅडमकडे गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “असं होणार नाही.”

“मॅडम, ताडून बघितलंय.”

“वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला मी खड्याशिवाय आकडे दिलेले नाहीत. माझा हातच तसा पडत नाही.” त्यांनी आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांच्या नजरेत असं काही आलं जे मी तोवर फक्त माझ्या आरशात बघितलं होतं. “तुम्ही माझं मन राखताय. म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून ठरवून आलात दोघं. नाहीतर आकडे तुम्हीच बदललेत. चौगुले, तुम्ही बदलू शकता. तुम्ही मला सहा हजार दाखवलेत.”

दाखवले होतेच.

शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यांनी त्यावर स्वतःचं नाव घालू दिलं नाही. “जे मला पटलेलं नाही त्यावर माझं नाव नको,” एवढंच म्हणाल्या. परदेशातल्या मंडळींनी स्वतंत्रपणे केलेल्या गणितातही वारा तेवढाच खोल निघाला, लोकांनी आमचं कौतुक केलं, वर्तमानपत्रात फोटो आला, आईने तो इचलकरंजीत घरोघरी दाखवला. मॅडमना हे सगळं सांगितलं की त्या नम्रपणे ऐकायच्या आणि म्हणायच्या, “असेल.” त्या असेलने मला जेवढा त्रास दिला तेवढा कुणाच्या टीकेने दिला नाही. सगळं जग हो म्हणत होतं आणि जिचं हो मला हवं होतं ती बाई म्हणत होती असेल. दिवाळीनंतर त्यांनी खोलीची किल्ली ऑफिसात दिली. माझं मार्गदर्शनही कागदोपत्री दुसऱ्या सरांकडे गेलं.

माझी तोंडी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. सभागृह भरलेलं होतं, बाहेरून आलेले परीक्षक पुढे बसले होते. हेमंत मॅडमना रिक्षाने घेऊन आला आणि त्यांना मधल्या रांगेत बसवून शेजारी बसला. त्या बारीक झाल्या होत्या. मी तासभर बोलले. परीक्षकांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, “सभागृहातून आणखी कुणाला काही विचारायचंय?”

मॅडम उभ्या राहिल्या. हेमंतने त्यांच्या पदराला हात लावून बसवायचा प्रयत्न केला, तो हात त्यांनी झटकला.

“मला विचारायचंय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हातात हे आकडे एका बाईने दिले. तिने त्यांत काही मिसळलं नव्हतं, हे तुम्ही कशावरून म्हणता?”

सभागृहात बहुतेकांना हा नेहमीचा, खवट प्रश्न वाटला असेल. मी, हेमंत आणि परदेशातल्या केंद्रातले दोनचार लोक सोडले तर आतली गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. हेमंतने मान खाली घातली. मला कळेना, त्या परीक्षक म्हणून विचारत होत्या, की त्यांना खरंच ठाऊक नव्हतं म्हणून विचारत होत्या. त्यांच्याकडे बघून दोन्ही खरं वाटत होतं. काय घडलं ते सगळं सांगितलं असतं तर त्यांचं राहिलेलं सगळं त्या सभागृहात उघडं पडलं असतं.

“कारण मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही,” मी म्हटलं.

पुढच्या रांगेत कुजबूज झाली. गुरूबद्दल असं बोलतात का कुणी, असा एकाचा चेहरा झाला.

मॅडम हलल्या नाहीत. “आणि नंतर जे मूळ आकडे म्हणून आले त्यांच्यावर?”

“त्यांच्यावरही नाही. मागच्या महिन्यात आकडे जगासाठी खुले झाले. मी ते नव्याने उतरवून घेतले, माझं जुनं सगळं काम बाजूला ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा केलं. मधे कुणाचाच हात नव्हता. माझ्या जुन्या कामावरही मी विश्वास ठेवला नाही, मॅडम. एकदा मी स्वतःच सहा हजार लिहिले होते.”

“किती आले?”

“नऊ हजार.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. मग मॅडमनी मान डोलावली, हळूच, एकदाच.

“मग मला मान्य आहे,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.